मोहरीच्या दाण्यातल्या दोन खोल्या

आधी एक कोडं घालते. मोहरीचे चार दाणे गरम तेलात टाका. तडतडतील, छान वास सुटेल, पण कुणाच्या नाकाला काही होणार नाही. आता त्याच डब्यातली मोहरी पाट्यावर घ्या, पाण्याचा शिपका द्या आणि फेस येईपर्यंत वाटा. आम्ही याला मोहरी फेसणं म्हणतो. दोनच मिनिटांत असा झणका नाकात शिरेल, की डोळे पुसत अंगणात पळाल. आणि कोरडा, अख्खा दाणा नाकाशी धरलात तर त्याला वाससुद्धा नाही. मग सांगा, झणका होता कुठे? दाण्यात होता म्हणाल, तर फोडणीत कुठे गेला? पाण्यात होता म्हणाल, तर रोज तांब्याभर पाणी पिता, तेव्हा का लागत नाही?

मला हे कोडं चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुटलं. तेही सुखासुखी नाही.

आमचं पिंपळखेडे तापीच्या काठाला. आता तुम्ही याल तर इकडून तिकडे नुसत्या केळी दिसतील, आणि त्यांच्या मधून माणसाशिवाय चालणारे ट्रॅक्टर. मी लग्न होऊन आले तेव्हा नदीकडच्या पट्ट्यात थंडीत मोहरी फुलायची. सकाळी धुकं उचललं, की पिवळं रान एकदम समोर यायचं. सासूबाई बांधावर उभ्या राहून मला म्हणायच्या, "बघून घे, हे सोनं दुसऱ्या कुणाकडे नाही." खरंच नव्हतं. आमची मोहरी बाजारच्या मोहरीपेक्षा बारीक, काळसर तांबूस. ती पिढ्यान्‌पिढ्या आम्हा भारंब्यांच्याच शेतात होती, आणि ती तिथेच राहावी म्हणून आमच्या घरात एक रीत होती. कच्चा दाणा उंबऱ्याबाहेर जायचा नाही.

लेकी-सुनांना, शेजारणींना शेर-अर्धा शेर मोहरी द्यायचो, त्यात आम्ही कंजूष नव्हतो. पण देण्याआधी सासूबाई ती लोखंडी कढईत घालायच्या, पाण्याचा हबका मारायच्या, झाकण ठेवायच्या आणि दाणा तळहाताला चटका देईपर्यंत शेकायच्या. शेकलेलं बी उगवत नाही. घेणारी फोडणीला वापरायची आणि खूश असायची. तिच्या शेतात मात्र आमची मोहरी कधी उभी राहिली नाही. सासूबाई गेल्यावर हे काम मी केलं. मोठ्या अभिमानानं केलं.

शेजारच्या झोप्यांच्या घरात शेवंता राहायची. माझ्याच वयाची, माझ्याच वर्षी लग्न होऊन आलेली. लिंबाचं लोणचं घालायचं झालं की माझ्याकडून मोहरी न्यायची, माझ्या शेजारी बसून फेसायची, मी जशी फेसते तशीच फेसायची. माझ्या पाट्यापाशी गल्ली शिंकायची. तिच्या पाट्यापाशी मांजर झोपायचं. मी म्हणायचे, "शेवंते, हात लागतो त्याला. तो काही उसना मिळत नाही." बायका हसायच्या. तीही हसायची. असं किती वर्षं चाललं असेल? चाळीस तर नक्की.

शेवंता जाऊन चार वर्षं झाली. गेल्या वर्षी दसरा झाला आणि तिची लेक रेवती गावात आली. एकटी नाही, एक लांबलचक पांढरी गाडी घेऊन आली. ही फिरती प्रयोगशाळा. रेवती जैवरसायनतज्ज्ञ (सजीवांच्या शरीरातली रसायनं कशी काम करतात ते शोधणारी) झालेली. गाडी शाळेच्या मैदानात लागली. आत काचेचं बंद कपाट, आणि कपाटात काम करणारा एक यंत्रमानव. त्याला दोन लांब हात आणि बोटांच्या जागी चिमटे, म्हणून पोरांनी त्याचं नाव चिमटा ठेवलं. माझी नात अन्विता सुट्टीला आली होती. अकरा वर्षांची आहे, पण प्रश्न विचारायला लागली की सरकारी वकील. ती पहिल्या दिवसापासून त्या गाडीतच बसलेली.

गाडी कशाला आली, ते तिनंच मला सांगितलं. आजकाल जखमेत असे जंतू सापडतात, की कुठलंच औषध त्यांना लागत नाही. वर्षानुवर्षं माणसांनी प्रतिजैविकं (जंतूंना मारणारी औषधं) गरज नसताना घेतली, अर्धवट सोडली. त्यातून जे चिवट जंतू वाचले, त्यांचीच पिलावळ वाढली. म्हणून रेवती गावोगावच्या खाण्याच्या आणि औषधी वनस्पती गोळा करून तपासत होती, की कुणाच्या अंगात या जंतूंना आवर घालणारं काही आहे का.

"आणि आजी," अन्विता म्हणाली, "जी वनस्पती पास होईल ना, तिचं बी बीजपेढीत ठेवणार आणि तीन वेगळ्या शेतांत पेरणार. म्हणजे ती कधीच संपणार नाही."

हे ऐकून माझा हात थांबला. तुम्हाला खरं सांगते, त्या वर्षी मला एकच घोर होता. माझे दोन्ही मुलगे शहरात. माझे गुडघे गेलेले. नदीकाठचा एवढासा तुकडा मी कसाबसा पेरत होते आणि पुढच्या वर्षी तोही जमेल असं वाटत नव्हतं. मी थांबले की सासूबाईंची मोहरी थांबली. बीजपेढी हा एकच रस्ता होता.

मी लगेच डबा काढला, वाटीभर मोहरी घेतली, आणि हाताला जी चाळीस-पन्नास वर्षांची सवय होती तिनं कढई चुलीवर ठेवली. अन्विता दारात उभी राहून बघत होती.

गाडीत चिमट्यानं विचारलं, "आपलं पूर्ण नाव?"

"सुभद्रा भारंबे. आणि तुझं?"

"माझा यंत्रक्रमांक सात शून्य चार..."

"राहू दे. चिमटाच बरा आहेस."

"नमुन्यावर काही प्रक्रिया केली आहे का? धुणं, उकळणं, भाजणं?"

"निवडून, पाखडून दिलीय," मी म्हटलं. "भारंब्यांच्या घरची मोहरी आहे ती. तिची अशी उलटतपासणी करतात का?"

"प्रक्रिया, नाही," चिमट्यानं लिहून घेतलं. अन्वितानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

तपासणी अशी असायची. काचेच्या बशीत खिरीसारखा घट्ट थर ओततात. त्यावर जंतू पसरतात, ते सायीसारखे वाढतात. मध्ये तपासायच्या वनस्पतीचा वाटलेला थेंब ठेवतात. तिच्यात दम असेल, तर थेंबाभोवती जंतू वाढत नाहीत आणि सायीत स्वच्छ गोल पडतो. गोल जेवढा मोठा, तेवढा दम जास्त. हे सगळं बंद कपाटात, चिमट्याच्या हातांनी. आपण कुणी जंतूंच्या जवळ जायचं नाही.

गुरुवारी सकाळी मी गेले, तर रेवतीनं मला खुर्ची दिली. खुर्ची देऊन सांगतात ती बातमी चांगली नसते.

"मावशी, तीनदा केलं. गोल येत नाही."

"शून्य मिलिमीटर," चिमटा म्हणाला. "तिन्ही वेळा."

"तुला कुणी विचारलं?" मी त्याला म्हटलं. मग रेवतीकडे वळले. "वाटली कशी?"

"पाण्यात वाटली. बारीक."

"तिथेच चुकलं. मोहरी वाटत नाहीत, फेसतात. तुला कुठून यायचं म्हणा. तुझ्या आईला जन्मात जमलं नाही."

रेवतीनं मान खाली घातली आणि बशा आवरायला लागली. "शनिवारी गाडी पुढच्या गावाला जाईल, मावशी. तोवर काही निघालं नाही तर यादीतून नाव काढावं लागेल. माझ्या हातात नाही ते."

मी अन्विताला घरी पिटाळलं आणि तिच्यासोबत एक माणूस देऊन माझा पाटा-वरवंटा गाडीपाशी आणवला. म्हटलं, आता बघा. चिमट्यानं त्याच नमुन्यातली उरलेली मोहरी मोजून दिली. "तुलना करायची तर नमुना तोच हवा," म्हणाला. मी पदर खोचला, पाण्याचा शिपका दिला आणि फेसायला बसले. शाळेची पोरं गोळा झाली. मी त्यांना म्हटलं, "मागे सरका, नाहीतर रडाल."

पाच मिनिटं फेसली. दहा मिनिटं फेसली. दंड भरून आले. कुणी रडलं नाही. मी वाकून पाट्यावर नाक नेलं. भाजक्या दाण्याचा वास होता, बोटाला कडसर चव होती, आणि झणक्याचा पत्ता नव्हता. एक पोरगा पाट्याजवळ सरकला, अजून जवळ सरकला, आणि तसाच उभा राहिला. शेवंताच्या पाट्यापाशी झोपणारं ते मांजर मला आठवलं.

"वाफमापक नळीत काही नोंद नाही," चिमटा म्हणाला. "आपला हात आणि माझे चिमटे, निकाल एकच."

अन्विता माझ्या शेजारी उकिडवी बसली. "आजी, घरी तर तू फेसतेस तेव्हा मी माडीवर असले तरी शिंकते. मग इथं वेगळं काय आहे? पाटा तोच?"

"तोच."

"पाणी?"

"आपल्याच नळाचं."

"हात तर तुझाच." पुढचा प्रश्न तिला माहीत होता आणि उत्तरही. पण तिनं तो विचारला नाही, माझ्यावर सोडला. कधी कधी लहान पोरं असं वागतात, की आपल्याला आपलीच लाज वाटते.

मी वरवंटा बाजूला ठेवला. "रेवती, ही मोहरी भाजलेली आहे."

चिमट्याचे हात थांबले. "नोंदीत प्रक्रिया, नाही, असं आहे."

"मी खोटं लिहवलं," मी म्हटलं. आणि सगळी रीत सांगितली. कढई, हबका, उंबरा, सगळं.

रेवतीनं विचारलं, "आईला द्यायचात तीही भाजलेलीच?"

"हो."

"लोणच्यासाठी न्यायची तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा."

"आई म्हणायची, देवानं मला हातच दिला नाही. शेवटच्या आजारपणातही एकदा म्हणाली."

"बी उगवू नये म्हणून भाजायचो. झणका त्यानं मरतो, हे मला ठाऊक नव्हतं गं. आम्ही घरात भाजलेली कधी फेसलीच नाही."

"आणि ठाऊक असतं, तर आईला कच्ची दिली असती?"

हो म्हणायला जिभेवर शब्द आला होता. पण आतापर्यंत बोलले तेवढं खोटं पुरे झालं होतं. "नसती दिली," मी म्हटलं.

रेवतीनं एक लांब श्वास घेतला. मला वाटलं, आता म्हणेल, पाटा उचला आणि घरी जा. म्हणाली असती तरी तिचं चुकलं नसतं. पण तिनं खडू घेतला आणि फळ्यावर मोहरीचा दाणा काढला, पपईएवढा. मग म्हणाली, "अन्विता, पुढे ये. झणका कुठे असतो ते बघू."

तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. दाणा असंख्य पेशींचा (सजीवाचं शरीर ज्या इवल्या इवल्या खोल्यांनी बांधलेलं असतं, त्या) बनलेला असतो. मोहरीच्या काही खोल्यांत सिनिग्रिन नावाचा पदार्थ भरलेला असतो. तो थोडा कडू, पण त्याला झणका नसतो. त्याला कच्चा माल समजा. शेजारच्या वेगळ्या खोल्यांत मायरोसिनेज नावाचं एन्झाइम (शरीरातली रासायनिक कामं भराभर घडवून आणणारं प्रथिन) बंद असतं. हा कारागीर. दोघांमध्ये भिंत. जोवर भिंत आहे तोवर माल माल असतो आणि कारागीर रिकामा. आपण दाणा पाण्यात ठेचतो, भिंत फुटते, दोघं पाण्यात भेटतात. कारागीर मालाचे तुकडे करतो, आणि त्यातून एक नवा पदार्थ तयार होतो. तो वाफ होऊन उडतो आणि नाकात शिरतो. तोच झणका.

"म्हणजे झणका दाण्यात नसतोच," अन्विता म्हणाली. "तो आपण बनवतो."

"ठेचताना बनतो. झाडानं ही व्यवस्था अळीसाठी केलीय. अळीनं दाणा चावला की तिच्या तोंडातच झणका तयार."

"आणि भाजल्यावर?"

"कारागीर मरतो. प्रथिनाची एक खास घडी असते, त्या घडीमुळेच त्याला काम करता येतं. उष्णतेनं घडी उलगडते. उकडलेल्या अंड्याचं पुन्हा कच्चं अंडं होतं का?"

आमच्या घरात अंडं येत नाही, पण मला समजलं. फोडणीतही तेच होतं. गरम तेलात कारागीर आधी मरतो, मग दाणा फुटतो.

अन्विता फळ्याकडे बघत राहिली. "पण माल तर मेला नसेल ना? तो अजून भाजलेल्या मोहरीत असेल. मग तिच्यात थोडी कच्ची मोहरी मिसळली तर? कारागीर बाहेरून आणायचा."

रेवती पहिल्यांदा हसली. "करून बघू. पण कच्ची मोहरी हवी."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी उठले. घर शंभर पावलांवर, मला ते मैलभर वाटलं. कोठीतून पितळी डबा काढला. उंबऱ्यात क्षणभर थांबले. सासूबाई दारात बसलेल्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते मला पाठ होतं. मी उंबरा ओलांडला.

पाट्यावर त्याच भाजलेल्या, फेसलेल्या गोळ्यात मी कच्च्या मोहरीची एक चिमूट टाकली आणि पुन्हा वरवंटा फिरवला. तीन-चार मिनिटं गेली असतील. तो जवळ आलेला पोरगा एकदम शिंकला, त्याच्यामागे अन्विता, मग मीच. चिमट्याची नळी टूं टूं वाजायला लागली.

"हे त्या चिमूटभर कच्च्या मोहरीमुळेच झालं असेल," चिमटा म्हणाला. "भाजलेलीचा यात वाटा आहे, हे सिद्ध झालेलं नाही."

मी त्याला रागावणार होते, पण रेवती म्हणाली, "बरोबर बोलतोय." मग तिनं चार बशा मांडायला सांगितल्या. एकीत नुसती भाजलेली. एकीत नुसती चिमूटभर कच्ची. एकीत भाजलेली आणि तेवढीच चिमूट कच्ची. चौथीत भरपूर कच्ची. मला पटलं. दोन सुनांचा स्वयंपाक एका पातेल्यात ओतून कुणाचा चांगला हे विचारण्यात अर्थ नसतो.

शुक्रवारी सकाळी बशा उघडल्या नाहीत, काचेतूनच पाहिल्या. भाजलेलीच्या बशीत साय या टोकापासून त्या टोकापर्यंत. चिमूटभर कच्चीच्या बशीत हरभऱ्याएवढा गोल. दोन्ही मिसळलेल्या बशीत त्याच्या तिप्पट. आणि भरपूर कच्चीच्या बशीत एवढा गोल, की कडेला जंतूंची नुसती किनार उरलेली. औषधांना दाद न देणारे ते जंतू. चिमट्यानं दोनदा मोजलं. रेवती म्हणाली, तिनं आजवर तपासलेल्या कुठल्याच मोहरीचा गोल इतका मोठा आला नव्हता.

मी मान ताठ करून पोरांकडे पाहिलं. रेवती माझं तोंड बघून म्हणाली, "मावशी, थांबा. हे बशीतलं आहे. माणसाचं शरीर म्हणजे बशी नव्हे. हाच झणका कातडीलाही जाळतो. कुणी उठून जखमेवर मोहरी थापली तर फोड येतील. यातून औषध निघेल की नाही हे कळायला दहा-पंधरा वर्षं जातील. कदाचित नाहीही निघणार."

"मग उपयोग काय?" एका पोरानं विचारलं.

"आता कुठे बघायचं ते कळलं," रेवती म्हणाली. "काल तेही माहीत नव्हतं."

तुम्हीही हे ध्यानात ठेवा. मोहरी खा, जखमेला डॉक्टरकडे जा.

मग रेवतीनं कागद काढला. बीजपेढीसाठी जिवंत बी हवं होतं, अख्खं, न भाजलेलं. आणि पेरायला तीन शेतं. मी डबा तिच्यापुढे सरकवला. "नाव काय लिहू वाणाचं?" तिनं विचारलं.

"भारंबे मोहरी."

अन्विता माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, आजी आता शेवंताचं नाव सांगेल. एवढी थोर मी नाही. सासूबाईंनी आणि मी पाठ मोडून जपलेलं वाण आहे, नाव आमचंच राहणार. पण मी रेवतीला म्हटलं, "पहिलं शेत झोप्यांचं लिही. नदीकडचा तुझ्या आईचा तुकडा. पडीक ठेवलायस ना?"

तिनं पेन खाली ठेवलं. "तिथे केळीसुद्धा लावली नाही आम्ही. कुणाला वेळच नव्हता."

"मोहरीला चांगली जमीन आहे ती. मला पहिल्यापासून माहीत आहे." माहीत होतं म्हणूनच तर कढई तापत होती. हे मी बोलले नाही, पण तिला कळलं असावं. ती थोडा वेळ डब्यातले दाणे बोटानं हलवत बसली, मग कागदावर शेताचं नाव लिहिलं.

दिवाळीनंतर गाडी पुन्हा आली. पेरायला चिमट्याला शेतात उतरवलं होतं. तो विचारत होता, "बी किती खोल?" मी माझं बोट मातीत खुपसून दाखवलं, अर्धं पेर. "बोटाची लांबी माणसागणिक बदलते," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग माझ्याच बोटाचं लिही." त्यानं लिहिलं.

मला तिथे रोज जाणं जमेना, गुडघे ऐकेनात. पाचव्या दिवशी सकाळी रेवतीचा फोन आला.

"मावशी, उगवली."

"किती? ओळी भरल्यात की विरळ आहे? मोजलीस का?"

"नाही मोजली," ती म्हणाली. "बांधावर बसलेय. नुसती बघतेय."